वाचकांचे प्रश्न : एकाच मंडळीतल्या दोन पंगती

प्रश्न : आमची मंडळी (चर्च) अचलपूर तालुक्यातल्या एका गावात आहे. निम्मी घरं जुन्या मिशन कंपाउंडातली, निम्मी मेळघाटातून कापूस-संत्र्याच्या कामाला येऊन इथेच राहिलेल्या कोरकू आदिवासींची. सभासदांच्या यादीत सगळे एक. पण नाताळच्या जेवणाला स्वयंपाक जुन्या घरांच्या बाया करतात आणि भांडी घासायला कोरकू बाया बसतात. प्रभुभोजनाचा पेला (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत सगळे घेतात तो) त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. आता ‘त्यांना कामावर लवकर जावं लागतं’ म्हणून पहाटे त्यांची वेगळी उपासना ठेवायचं घाटत आहे. पाळकसाहेबांनी समेटाची सभा घेऊन एकमेकांचे पाय धुवायचं ठरवलं आहे. एवढ्यानं होईल का?
— सेक्रेटरी, पास्टरेट कमिटी

उत्तर : पाय धुण्यापासून सुरुवात करू नका. आणि पहाटेच्या वेगळ्या उपासनेचा विचार आजच सोडा.

वेगळ्या उपासनेबद्दल आधी, कारण ती सोयीच्या नावानं येते आणि मग जात नाही. 1857 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनॉडनं, म्हणजे तिच्या मोठ्या सभेनं, ठरवलं की सगळ्यांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुबळेपणामुळे काळ्या विश्वासूंची उपासना वेगळी घेतली तरी चालेल. ती एक सवलत होती. 1881 मध्ये त्यातूनच मिश्रवर्णीयांची वेगळी मिशन मंडळी उभी राहिली आणि पुढे वर्णभेदाच्या सरकारी धोरणाला त्याच विचाराचा धार्मिक आधार मिळाला. ही विभागणी सुवार्तेच्या विरुद्ध आहे, असं सांगणारा बेलहार विश्वासजाहीरनामा त्याच वेगळ्या काढलेल्या मंडळीनं 1982 मध्ये मांडला आणि 1986 मध्ये स्वीकारला. म्हणजे सवलत दिली त्याला सव्वाशे वर्षं उलटली होती. तुमच्याकडे कामाची वेळ हीच खरी अडचण असेल, तर सगळ्यांचीच उपासना सकाळी सातला घ्या. जुनी घरं त्याला तयार होतात का, यावरून अडचण वेळेची होती की शेजारी बसण्याची, हे कळेल.

आता समेटाकडे. पहिलं काम पाहण्याचं. सलग चार रविवार दोन माणसांनी, एक जुन्या घरातला आणि एक कोरकू, वहीत फक्त दिसेल ते लिहायचं. शास्त्रपाठ कोणी वाचला, दानाची थाळी कोणी फिरवली, सतरंजीवर कोण बसलं आणि खुर्चीवर कोण, पेला कोणत्या रांगेपासून निघाला, चहा कोणी केला, कप कोणी विसळले, हिशेबाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे. कोणावर ठपका ठेवायचा नाही. ‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य दर मंडळीत निघतं. त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा वही उघडून समोर ठेवा.

दुसरं काम ऐकण्याचं, आणि बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. कारण साधं आहे. ज्याच्याकडून उचल घेतली तोच कमिटीचा पंच असेल, तर त्याच्यासमोर मजूर खरं बोलणार नाही. उद्या त्याच्याच वावरात जायचं असतं. म्हणून सहा ते आठ जणांचे लहान गट करा आणि त्यात ना मालक, ना कमिटीचं कोणी. बायांचा गट वेगळा. बोलणं कोरकूत होऊ द्या. लिहून घेणारा दोन्ही भाषा जाणणारा असावा आणि त्यानं लिहिलेलं तिथंच परत वाचून दाखवावं : हे असंच का? यातलं किती बाहेर सांगू? ज्याला हो म्हटलं तेवढंच पुढे जाईल, तेही नावाशिवाय. वेळ कापूस वेचणीची धरू नका. संध्याकाळी माणूस थकलेला असतो, आणि दिवसा बोलावलं तर रोज बुडतो. वेचणी आटोपल्यावर, उन्हाळ्यात बसा.

तिसरं काम कबुलीचं. ती पाळकांनी एकट्यानं वाचून उपयोग नाही. जुन्या घरांच्या वडीलधाऱ्यांनी उभं राहून वाचावी आणि त्यात कृती नावानिशी असावी. ‘प्रभुभोजनाचा पेला आम्ही तुमच्यापर्यंत मुद्दाम शेवटी आणला. नाताळात तुमच्या हातचं अन्न नको म्हणून तुम्हाला भांड्यांवर बसवलं.’ एवढं स्पष्ट. ‘कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर’ हे वाक्य कबुलीत नकोच. त्यानं दोष दुखावणाऱ्याकडून दुखावलेल्याकडे सरकतो. आणि त्याच बैठकीत ‘आता माफ करा’ असं म्हणायचं नाही, गळाभेट घ्यायची नाही. ऐकणाऱ्याला घरी जाऊन विचार करायला महिना-दोन महिने मिळू द्या. कोणी माफ केलं नाही, तर त्याला बोल लावायचा नाही.

चौथं काम हातातलं सोडण्याचं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा सहावा अध्याय उघडा. हेल्लेणी (ग्रीक बोलणाऱ्या) यहूद्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी समजूत घालून प्रश्न मिटवला नाही. सात जण निवडून वाटणी त्यांच्याकडे सोपवली. सातही नावं ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर यहूदी मत स्वीकारलेला अंत्युखियाचा माणूस. ज्यांची तक्रार होती, त्यांच्या बाजूच्या लोकांच्या हाती पळी गेली. तुमच्याकडे याचा अर्थ असा : नाताळच्या स्वयंपाकाला निम्म्या कोरकू बाया, आणि भाजी-वरणाच्या पातेल्याशी, नुसत्या चुलीला लाकडं पुरवायला नव्हे. भांडी घासायची पाळी दोन्ही घरांना. पेला एका रविवारी पुढच्या रांगेतून, दुसऱ्या रविवारी मागच्या रांगेतून. कमिटीत किमान दोन कोरकू सभासद, कारण एकटा माणूस मान हलवण्यापुरताच उरतो. आणि त्यातला एक खजिन्याच्या सहीचा.

एक सावधगिरी. या सभेत जुन्या निवडणुकीचं किंवा कंपाउंडच्या जागेचं भांडण कोणीतरी काढतोच. ते त्या दिवशी मिटवायला जाऊ नका, वेगळ्या तारखेला ठेवा. नाहीतर सगळं बोलणं जुनी घरं विरुद्ध जुनी घरं असं होतं आणि कोरकू पुन्हा प्रेक्षक होतात.

तीन महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा चार रविवार पाहा. फरक दिसला, तर पुढच्या उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या गुरुवारी पाय धुवा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण त्या दिवशी करतात, म्हणून तिथं त्याला जागा आहे. पाणी आणि टॉवेल घेऊन आधी वाकायचं ते कमिटीच्या पंचांनी. फोटो काढू देऊ नका.

प्रश्न : मंडळीच्या भांडणात एका वडीलजनानं (मंडळीच्या पदाधिकाऱ्यानं) सगळ्यांसमोर माझ्या आज्याची जात काढली. आता घरचे आणि पाळक दोघंही म्हणतात, प्रभूनं क्षमा केली, तूही कर, बाहेर नेऊ नको. मी काय करावं?
— एक तरुण, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तुमचा अपमान झाला आहे आणि तो लहान नाही. क्षमा करणं आणि तक्रार करणं यात विरोध नाही. लूक 17:3 मध्ये अपराध करणाऱ्याला आधी दोष दाखवायला सांगितलं आहे, मग त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा. मत्तय 18 मधला ‘एकांतात जाऊन सांग’ हा नियम बरोबरीच्या दोन भावांसाठी आहे. चारचौघांत झालेल्या अपमानाबद्दल, वयानं आणि पदानं मोठ्या माणसाकडे एकट्यानं जा, असा हट्ट तुमच्यावर कोणी धरू नये. अंत्युखियात पेत्र विदेश्यांच्या (यहूदी नसलेल्या विश्वासूंच्या) पंगतीतून उठला, तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांसमोरच विचारलं (गलतीकरांस पत्र, अध्याय 2).

आज रात्रीच लिहून ठेवा : तारीख, जागा, नेमके शब्द, कोणी ऐकलं. मग कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मंडळीच्या वरच्या कार्यालयाकडे पाठवा. मागणी स्पष्ट ठेवा : ज्या लोकांसमोर बोलले त्याच लोकांसमोर शब्द मागे घेणं आणि चौकशी होईपर्यंत वेदीवरच्या सेवेतून दूर राहणं.

कायद्याचं असं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) यांनाच मिळतो. म्हणून ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबाला अॅट्रॉसिटी कायद्याचा आधार घेणं अवघड जातं. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे गोंड किंवा कोरकू ख्रिस्ती माणसाला तो मिळतो. उद्या तुमच्या घराशी बोलणं, येणं-जाणं बंद करा असं कोणी ठरवलं, तर महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांत जाण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत मोफत सल्ला घ्या.

प्रश्न : आमच्या कब्रस्तानात जुन्या घरांच्या कबरी फाटकाजवळ आणि आमच्या नाल्याकडच्या कडेला आहेत. पावसाळ्यात आमच्याकडची माती खचते. जुन्या कबरी हलवायला सांगावं का?
— एक बहीण, वर्धा जिल्हा

उत्तर : नको. ज्यांचं दुःख तिथं पुरलं आहे त्यांना पुन्हा उकरायला लावू नका. पुढचं बदला. कब्रस्तानाचा कागदावर नकाशा काढा, मोकळ्या जागेच्या रांगा पाडा, प्रत्येक जागेला नंबर द्या. ज्या क्रमानं माणूस जाईल त्या क्रमानं पुढचा नंबर, मग घर कोणतंही असो. राखीव जागा कोणालाच नाही. नवरा-बायकोची जुनी कबर उघडायची असेल तर तेवढा अपवाद, तोही नोंदवहीत लिहून. ठराव वार्षिक सभेत करून घ्या, मयत घरात असताना हा वाद काढायचा नाही. नाल्याकडच्या कडेला दगडी बांध आणि मातीची भर मंडळीच्या खर्चानं, पावसाळ्याआधी. त्या कबरींच्या घरांकडून वर्गणी मागू नका.