गाणं मूडी कसं असेल? उदास म्हणा!

प्रश्न असा आलाय की द एक्सएक्स वगैरे बँड्सच्या त्या मिनिमल, मूडी, इंडी म्युझिकला मराठीत काय म्हणायचं, 'उदास संगीत' चालेल का, की ते रडकं वाटेल.

आधी तो 'मूडी' सोडा हो. मराठीत मूडी म्हणजे लहरी, सकाळी गप्पा मारून संध्याकाळी ओळख न दाखवणारा. गाणं कसं मूडी असेल? 'इंडी'चीही तीच गत, मुळात बड्या कंपन्यांच्या बाहेरच्या लेबलवर, म्हणजे छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीकडून, निघालेली रेकॉर्ड ती इंडी, ब्रिटनमध्ये १९८० पासून त्यांचा वेगळा चार्ट, म्हणजे खपाची यादी, होता, आता कोणीही गिटार घेऊन पुटपुटला की झाला इंडी. असो.

उदास. खिन्न, भकास हे अर्थ सगळ्यांना ठाऊक, त्यात वेळ घालवत नाही. मजा पुढेच आहे. उद् + आस्, आणि आस् म्हणजे बसणे, आपल्या 'आसन'मधला तोच धातू! म्हणजे उदास हा बाजूला सरकून बसलेला, अलिप्त. गीतेच्या नवव्या अध्यायात 'उदासीनवदासीनम्' (उदासीनासारखा बसलेला) येतं, एकाच धातूची दोन रूपं मांडीला मांडी लावून. तुकोबा 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी' म्हणतात ते काय तोंड पाडून खर्च करा म्हणून? आणि शाळेत आम्ल-आम्लारीचं उदासिनीकरण शिकलात तेव्हा परीक्षानळीत कोण रडत होतं?

काही विद्वान इथे 'विषण्ण' सुचवतात, म्हणे जास्त भारदस्त. साफ अमान्य. विषण्णमध्ये सद् धातू आहे, तोही बसण्याचाच, पण ते खचून बसणं, पहिल्या अध्यायात अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो तसलं. दोन्ही बसणी एकच मानणाऱ्यांनी एकदा हेडफोन लावून द एक्सएक्सचा २००९ चा पहिला अल्बम ऐकावा (२०१० चं मर्क्युरी प्राइझ, ब्रिटनमधलं अल्बमचं मोठं बक्षीस, त्यालाच), लेबलच्या गॅरेजवजा स्टुडिओत बराचसा रात्री रेकॉर्ड केलेला. ड्रमर नाहीच, बँडमधला जेमी बोटांनी मशिनच्या पॅडवर ठेका धरतो, गिटारचा एकेक सूर सुटा पडतो नि पुढचा यायच्या आधी पुरता विरू देतात, आणि बँडचे दोघे गायक, रोमी नि ऑलिव्हर, प्रेमाबद्दल गातात ते शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलंय अशा आवाजात. ह्यात खचलेलं काय आहे? आपल्याच प्रेमाकडे दोघं जरा लांब बसून बघतायत, म्हणून तर ते दुःख अंगावर येत नाही आणि माणूस रात्री दोनला परत पहिल्यापासून लावतो.

तेव्हा उदास चालेल, नुसतं चालेल काय, तोच हवा. रडकं वाटलं तर दोष ऐकणाऱ्याच्या शब्दकोशाचा.

हां, आणि 'मिनिमल' राहिलंच की. 'मोजकं' म्हणा. 'अल्पतमवादी' सुचवणाऱ्यांनी ते आधी तीनदा भरभर म्हणून दाखवावं.