पदकं राहू द्या, झोपेचं सांगा

अमेरिकी सैन्यातून परतलेला मुलगा दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, की घरच्यांची विचारणा ठरलेली: ‘त्याला माजी सैनिकांचं ते कोर्ट मिळेल का? तो लढाईवर गेलाच नव्हता.’ बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या व्हेटरन्स ट्रीटमेंट कोर्टाचा, म्हणजे माजी सैनिकांना तुरुंगाऐवजी देखरेखीखाली उपचार देणाऱ्या कोर्टाचा, नमुना देशभर गेला, पण प्रवेशाचे नियम कोर्टागणिक बदलतात.

एक मराठी काकू माझ्याकडे मुलाच्या पदकांची पेटीच घेऊन आल्या.

“मुलगा वाईट नाही हो माझा.”

“काकू, तो झोपतो कुठे?” मी विचारलं.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “दाराला पाठ लावून. बसूनच. दिवा चालू ठेवून.”

गाठ इथे सुटली. हे कोर्ट म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस नव्हे. निवड करणारे गरज बघतात: आघातानंतरचा मानसिक त्रास, डोक्याला बसलेला मार, व्यसन, पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका. घरचे मायेपोटी नेमकं तेच झाकतात, आणि ‘याला उपचारांची गरज दिसत नाही’ असा शेरा पडतो. मात्र हे सगळं आधी वकिलाला सांगायचं, पोलिसांना नाही.

तुरुंगात ‘व्हेटरन आहेस का?’ विचारलं, की न लढलेली मुलं ‘नाही’ म्हणतात आणि यादीतून गळतात. सैन्यात नोकरी केली असेल, तर ‘हो’च म्हणायचं. त्रासाचा सेवेशी संबंध काही कोर्टं मागतात, पण बहुतेक ठिकाणी तो लढाईतलाच असावा लागत नाही.

मग डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद. त्याची ‘मेंबर-४’ प्रत द्या. छोट्या प्रतीत सेवा कशी झाली याचा शेराच नसतो. हरवला असेल, तर सैन्यातल्या नोंदी मागवण्याचा एसएफ-१८० अर्ज करा. ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाने नव्हे) असा सेवामुक्तीचा शेरा असला, तरी काही कोर्टं घेतात. व्हीएच्या (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या) उपचारांना कोण पात्र, हे तिथल्या व्हेटरन्स जस्टिस आउटरीच विभागातला माणूस तपासून देतो. हिंसेच्या प्रकरणांत बऱ्याचदा सरकारी वकिलाच्या संमतीवर अडतं.

शेवटी मुलाची स्वतःची तयारी. साधारण वर्ष ते दोन वर्षं, वरचेवर हजेरी, अचानक लघवीची तपासणी. गुन्हा आधी कबूल करावा लागतो का, आणि कार्यक्रम पुरा झाल्यावर खटला रद्द होतो की फक्त शिक्षा कमी होते, हे सही करण्याआधी वकिलाकडून लेखी घ्या.