लांब लाईनवरच्या ड्राफ्ट बीअरसाठी गॅसचे मिश्रण आणि दाब कसा काढायचा?

तुमची अडचण अशी दिसते: केगपासून (बीअरच्या पिंपापासून) नळापर्यंतची लाईन लांब आहे. शुद्ध कार्बन डायऑक्साइड 22 पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) ठेवला की दोन-तीन दिवसांत नळातून नुसता फेस येतो, आणि 11 वर आणला तर बीअर नळापर्यंत धड पोहोचत नाही. मग नायट्रोजन मिसळायचा तो किती?

हिशोब साध्या भागाकाराचा आहे: समतोल दाब (ज्या दाबाला बीअरमधला गॅस वाढतही नाही आणि कमीही होत नाही) भागिले लाईनला लागणारा दाब, फक्त भागण्याआधी दोन्ही दाबांत 14.7 मिळवा. बहुतेक लोक इथेच चुकतात. गेजचा काटा शून्यावर असला तरी वातावरणाचा 14.7 पीएसआय दाब असतोच, आणि बीअरमध्ये किती गॅस विरघळेल हे त्या एकूण दाबात कार्बन डायऑक्साइडचा वाटा किती, यावर ठरते.

समजा केगमधली बीअर 3.3 अंश सेल्सिअसला आहे आणि कार्बोनेशन 2.5 व्हॉल्यूम आहे, म्हणजे बीअरच्या आकारमानाच्या अडीचपट कार्बन डायऑक्साइड तिच्यात विरघळलेला आहे. कार्बोनेशनच्या तक्त्यात तिचा समतोल दाब 11.3 पीएसआय मिळतो. मग (11.3 + 14.7) ÷ (22 + 14.7), म्हणजे 26 ÷ 36.7 = 0.71. कार्बन डायऑक्साइड 71 टक्के, बाकी नायट्रोजन. नायट्रोजन बीअरमध्ये जवळजवळ विरघळत नाही, तो फक्त ढकलायला मदत करतो. 14.7 न मिळवता 11.3 ला 22 ने भागलेत तर 51 टक्के येतील आणि बीअर हळूहळू 1.8 व्हॉल्यूमकडे उतरेल. पहिले ग्लास छान लागतील, पण केग बराच वेळ लाईनवर राहिला की बीअर मिळमिळीत होईल.

ब्लेंडर (दोन्ही गॅस ठरलेल्या प्रमाणात मिसळणारे यंत्र) 70 टक्के कार्बन डायऑक्साइडचा असेल तर उलटा हिशोब करा: 26 ÷ 0.7 = 37.1, त्यातून 14.7 वजा, म्हणजे गेजवर 22.4. चालेल. शेजारच्या केगमध्ये 2.7 व्हॉल्यूमची बीअर असेल तर त्याच मिश्रणावर साधारण 25 लागेल, म्हणून प्रत्येक केगला दाब ठरवणारा वेगळा रेग्युलेटर हवा.

स्टाउटचे 25 टक्के कार्बन डायऑक्साइडवाले मिश्रण लागरला कृपया लावू नका. 35 पीएसआयवरसुद्धा ते जेमतेम 1.2 व्हॉल्यूम टिकवते. नायट्रो स्टाउटला तेवढेच हवे असते, लागर मात्र वाया जाते.

तापमान बीअरचे मोजा, खोलीच्या हवेचे नाही. 3.3 ऐवजी 5.6 अंश निघाले तर समतोल दाब 11.3 वरून 13.3 वर जातो आणि सगळे गणित बदलते. तुम्ही उंचावर असाल तर 14.7 च्या जागी तिथला वातावरणाचा दाब घ्या. तक्त्यातला समतोल दाबही दर 300 मीटरला साधारण अर्धा पीएसआय वाढवावा लागतो.

आणि सिलिंडर बंद खोलीत असतील तर कार्बन डायऑक्साइडच्या अलार्मबरोबर ऑक्सिजनचा सेन्सरही लावा. नायट्रोजनला वास नसतो आणि पहिल्या अलार्मला तो कळत नाही.