लायटिंग कन्सोलचे फेडर हलवताना लाइट फडफडतात, बंद केला की सीन पुसले जातात. स्वतः उघडू का?

तुम्ही लिहिलंय की लाइट चालवणाऱ्या २४ चॅनलच्या जुन्या कन्सोलचे तीन फेडर (उजेड कमी-जास्त करायचे सरकते दांडे) सरकवताना लाइट फडफडतात आणि रात्री बंद केला की सकाळी सीन, म्हणजे साठवलेल्या लाइटच्या मांडण्या, गेलेले असतात. हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि दोन्ही घरी दुरुस्त होण्यासारखे आहेत. जरूर उघडा, पण घाई करू नका.

सगळ्यात आधी, कन्सोल चालू असतानाच सीन पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर घ्या. ती सोय नसेल तर वहीत उतरवून काढा: कोणत्या सीनला कोणता चॅनल किती टक्के. कंटाळवाणं काम आहे, पण वही असली की पुढचं सगळं निर्धास्तपणे करता येतं.

मग दोष कन्सोलचाच आहे ना, ते बघा. फेडर अर्ध्यावर ठेवून हलकेच हलवा. स्क्रीनवरचा आकडा ४८, ५१, ० असा उड्या मारत असेल तर फेडर खराब. आकडा स्थिर आणि लाइट मात्र फडफडतोय, तर बिघाड बाहेर आहे. डीएमएक्सच्या, म्हणजे कन्सोलचा सिग्नल लाइटपर्यंत नेणाऱ्या, एकाच केबलमधून ५१२ चॅनल जातात, त्यामुळे केबलचा दोष सहसा एका चॅनलपुरता राहत नाही. अशा वेळी शेवटच्या लाइटला २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) आहे का, ते तपासा. निर्दोष कन्सोल उगाच उघडलेले मी बरेच पाहिलेत.

आता फेडर. प्लग काढून थोडा वेळ थांबा, पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो. तिकडे हात नकोच. फेडरच्या आत कार्बनची काळी पट्टी असते आणि तिच्यावरून बारीक पत्र्याची बोटं घासत जातात. धुराच्या मशिनचा चिकट थर आणि धूळ तिथे बसली की बोटं क्षणभर पट्टीवरून उचलली जातात, तीच फडफड. फेडर सुटा करून काट्याचा मल्टिमीटर लावा आणि दांडा अगदी सावकाश सरकवा. डिजिटल मीटर जिथे चाचपडतो तिथे काटा ठसठशीत झटका देतो, घाण नेमकी कुठे आहे ते दिसतं.

साफ करायला खास फेडरसाठीचाच क्लीनर घ्या. डब्ल्यूडी-४० अजिबात मारू नका. दोन दिवस फेडर लोण्यासारखा चालतो, पण कारखान्यात भरलेलं ग्रीस धुऊन जातं, मागे राहिलेल्या तेलावर धूळ चिकटते आणि फेडर आधीपेक्षा वाईट होतो. मी सुरुवातीला हे केलं होतं, शेवटी ते सगळे फेडर बदलावे लागले. क्लीनरचा एक छोटा फवारा, वीस-पंचवीस वेळा दांडा खाली-वर, आणि पूर्ण वाळू द्या.

तरीही काटा उडत असेल तर पट्टी झिजली आहे. नवा फेडर घेताना जुन्यावरचा छाप बघा. बी१०के म्हणजे १० किलोओहम, लिनिअर, म्हणजे दांडा जितका सरकवाल त्या प्रमाणात बदल. ए लिहिलेला साउंड मिक्सरचा फेडर जागेवर बसेल, पण तो लॉग असतो. अर्ध्यापर्यंत लाइट जेमतेम उजळेल आणि मग एकदम भडकेल. दांड्याची चालही मोजा, ६० मिलिमीटरच्या जागी १०० बसत नाही.

सीन पुसले जाण्याचं कारण बहुधा आतली बॅटरी. सीआर२०३२ (नाण्यासारखी गोल बॅटरी) असेल तर ३ व्होल्ट दिसायला हवेत. जुन्या मॉडेलमध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तो गळलेला क्षार आहे, बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक (वीज नेणाऱ्या बारीक रेघा) खातो. बॅटरी काढून तिथे पाणी घातलेलं व्हिनेगर ब्रशने लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ट्रॅक तुटलेला असेल तर वरून बारीक तार जोडावी लागेल. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर तेवढंच काम जाणत्याकडे द्या.

झाकण उघडलंत की बॅटरीच्या भागाचा फोटो टाका, ट्रॅक कितपत गेलेत ते बघून सांगतो.