“ओव्हरटाइम कराल का?” या प्रश्नाचे उत्तर

कारखान्यातील पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला, की नवखा उमेदवार “हो सर, कधीही” म्हणून मोकळा होतो. मीही तेच केले होते आणि पुढे सलग तीन रविवार यंत्रापाशी काढले. तुम्ही आधी नम्रपणे विचारावे, की जादा काम महिनाअखेरीस माल पाठवण्याच्या घाईपुरते असते की रोजचेच, आणि त्याची सूचना किती आधी मिळते. मग सांगावे, “निकडीच्या वेळी मी थांबेन; मात्र मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी माझा डिप्लोमाचा वर्ग असतो, तेव्हा आदल्या दिवशी कळले तर सोय करता येईल.” अशी नेमकी अडचण सांगणारा माणूस कामचुकार नव्हे, उलट भरवशाचा वाटतो. पैशाचा विषय पहिल्या फेरीत काढू नये, असे माझे मत आहे. तरीही कारखान्यातील कामगाराला जादा तासांचे वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावे, हा नियम कारखाने अधिनियम, १९४८ पासून चालत आला आहे, हे ठाऊक असावे, आणि नेमणूकपत्र हाती आल्यावर “ओव्हरटाइम पगारातच धरला आहे” अशी ओळ त्यात कुठे दडलेली नाही ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे.