गिटार शिकतोय, पण कॉर्ड बदलताना गाणं थांबतं. सराव कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे रोज तासभर बसता, सुट्या कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) बऱ्या वाजतात, पण एकीवरून दुसरीवर जाताना गाणं अडतं. शिवाय बोटं दुखतात आणि मुळात ती जाडच आहेत, म्हणून हे आपल्याला जमणार नाही असं वाटतंय.

जाड बोटांचं आधी डोक्यातून काढा. शेजारची तार मुकी होते ती बोट आडवं पडल्यामुळे. टोकाचा सांधा वाकलेला हवा, म्हणजे बोट तारेवर उभं राहतं. अंगठा गिटारच्या मानेच्या वरून गुंडाळून धरत असाल तर तो खाली, मागच्या बाजूला मधोमध आणून बघा, बोटं आपोआप उभी होतील. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर मात्र काहीच जमायचं नाही.

आता मूळ दुखणं. तुमचा सराव कॉर्डचा चाललाय, आणि अडतंय ते दोन कॉर्डच्या मध्ये. मीही पहिले काही महिने हेच केलं. गाणं सुरुवातीपासून धरायचं, चुकलं की परत पहिल्या ओळीपासून. त्यामुळे माझ्या पहिल्या चार ओळी झकास झाल्या आणि पाचवीला ठेच लागायची ती लागायचीच. ज्या जागी अडतं ती जागा दिवसात जेमतेम चार-पाच वेळा हाताखालून जात होती, सुधारणार कशी?

म्हणून गाणं बाजूला ठेवा आणि दोनच कॉर्ड घ्या. ए मायनर आणि सी घ्या, कारण त्यात एक गंमत आहे. तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजतात, आणि फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधला घर. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला असते, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, आणि अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्याच फ्रेटला. सी करायला यातली पहिली दोन बोटं हलवायचीच नाहीत. फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला न्यायची. बहुतेक नवशिके काय करतात, तर तिन्ही बोटं हवेत उचलतात आणि पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करतात. तुम्हीही तेच करत असणार, एकदा स्वतःच्या हाताकडे नीट बघा. ए मायनरवरून ई मेजरला जाताना तर बोटांची मांडणी तीच राहते, सगळा संच एक तार जाड तारांच्या बाजूला सरकतो. प्रत्येक जोडीत कोणतं बोट जागचं हलत नाही ते आधी शोधायचं.

मग घड्याळ लावून एक मिनिट फक्त बदल मोजा. ए मायनर, एकदा छेडा, सी, एकदा छेडा. सुरुवातीला १०-१२ झाले तरी पुष्कळ. आकडा वहीत लिहा. ३० पर्यंत न्यायचा आहे, आणि त्यामागे साधा हिशोब आहे: मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दर चार ठोक्यांना कॉर्ड बदलायची तर मिनिटात ३० बदल लागतात. लय ६० ची असेल तर १५ पुरतात, म्हणजे संथ गाणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळ आहे.

दुसरी गोष्ट उजव्या हाताची. तो थांबवायचा नाही. डावा हात पोचला नाही तरी उजवा घड्याळाच्या लंबकासारखा खाली-वर चालू राहिला पाहिजे, भले मोकळ्या तारा वाजोत. मुरलेले वादकसुद्धा बदलाच्या आधीचा शेवटचा वरचा फटका बऱ्याचदा मोकळ्या तारांवरच मारतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. ऐकणाऱ्याला चुकलेला सूर चालतो, तुटलेली लय लगेच खुपते.

तासभर सलग बसू नका. सकाळी १५ मिनिटं, संध्याकाळी १५, पण रोज. बोटांना घट्टे पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि मध्ये आठवडाभर खाडा केला तर ते पुन्हा मऊ पडू लागतात. आंघोळीनंतर लगेच वाजवायला बसू नका, ओल्या मऊ कातडीत तार जास्त रुतते. आणि बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून ठेवा, पट्टीवर नाही. दोन पट्ट्यांच्या मध्यावर दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरतेही.

एवढं करूनही पहिल्या फ्रेटवर जीव जात असेल तर दोष गिटारचाही असू शकतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून त्याच कॉर्ड वाजवून बघा. एकदम हलकं वाटलं तर मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या खाचा बहुधा कमी खोल आहेत, तारा उंच बसल्यात. दुरुस्ती करणारा ते नीट करून देतो, आणि माझ्या मते नव्या माणसाने क्लासच्या आधी हा खर्च करावा. तारा बदलायच्याच असतील तर ०.०१२ ऐवजी ०.०१० चा (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचात) संच लावा, आवाज थोडा पातळ येतो पण बोटं वाचतात.

एफ या कॉर्डच्या नादी अजून लागू नका. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या म्हणजे पहिल्या महिन्यात नुसती चिडचिड. तोवर दोन सर्वांत जाड तारा सोडून चारच तारांचा छोटा एफ धरा, गाण्यात तो बेमालूम खपतो.