एकदा देणगी दिलेला माणूस पुन्हा का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी मुलांसाठी अभ्यासिका चालवता, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काही ना काही टाकता, तरी देणगीदार एकदा पैसे देतात आणि पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. मग फेसबुकवर जाहिरात द्यावी का? माझं मत विचाराल तर आत्ता नको. मी पुण्यातल्या एका संस्थेत देणगीदारांचं काम बघते. माझ्या पाहण्यात माणूस तुटतो तो पैसे दिल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच. पावती नाही, फोन नाही, आणि पुढचा निरोप येतो तो थेट पुढच्या आवाहनाचा. मग कोण कशाला देईल?

आधी पैसे कोणाकडून आले ते तरी कळायला हवं. क्यूआर कोडवर पैसे आले की बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नाव दिसतं, पण ना फोन, ना पत्ता. म्हणून क्यूआरच्या खालीच मोठ्या अक्षरात छापा: ‘पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन आणि स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, पावती लगेच मिळेल.’ आणि मग खरोखर लगेच द्या. दुसऱ्या दिवशी फोन करा. पैसे पोचले, पावती कुठे पाठवू, आणि आमच्याबद्दल कुठून कळलं, एवढंच विचारायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवा. ‘माझे वडील तुमच्याच गावात मास्तर होते’ असं कोणी म्हणालं, तर पुढच्या पाच वर्षांचं बोलणं तुम्हाला मिळालं.

आपल्याकडे देणगी पुष्कळदा कोणाच्या तरी निमित्ताने येते. वर्षश्राद्ध, एकसष्टी, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, मुलीचा पहिला वाढदिवस. पावतीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ हे नाव देणगीदाराने सांगितलं तस्संच लिहा. ‘विमलताई’ची ‘विमलबाई’ झालेली घरच्यांना चालत नाही, आणि ते तुम्हाला सांगणारही नाहीत. तारीख टिपून ठेवा. तिथीने करत असतील तर तिथी. पुढच्या वर्षी त्या दिवशी सकाळी एक निरोप जाऊ द्या: ‘आज ताईंची आठवण म्हणून मुलांनी अभ्यासिकेत खाऊ वाटला.’ अर्थात वाटला असेल तरच. त्या निरोपात खाते क्रमांक घालायचा मोह आवरा. ज्यांना द्यायचं असतं ते स्वतःहून विचारतात.

आभाराचं पत्र लिहिताना ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल संस्था आपली शतशः ऋणी आहे’ हे वाक्य काढून टाका. त्यापेक्षा असं लिहा: ‘तुमच्या पाच हजारांतून दोन महिन्यांचं वीजबिल भरलं. दहावीची मुलं आता रात्री अकरापर्यंत बसतात. इन्व्हर्टरचं मात्र अजून जमलेलं नाही.’ शेवटचं वाक्य विश्वस्तांना खटकेल. राहू द्या. जे झालं नाही तेही सांगणाऱ्या संस्थेवर लोक जास्त विश्वास ठेवतात. मुलांचे केविलवाणे फोटो मात्र नकोत. ती मुलं त्याच गावात राहतात, त्यांचे मित्रही ते फोटो बघतात.

करसवलतीबद्दल थोडं. संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असेल तर २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, हे घेतानाच सांगा. आर्थिक वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत विवरण भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यायचं असतं (आतापर्यंतचे फॉर्म १०बीडी आणि १०बीई, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलतात, ते सी.ए.कडून पक्कं करा). हे प्रमाणपत्र देणगीदाराने तीनदा मागितल्यावर पाठवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तुम्ही न मागता पाठवा, सोबत वर्षभराच्या कामाच्या चार ओळी जोडा. फक्त करसवलतीच्या नावावर मागू नका, कारण नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही आणि बरेच पगारदार आता तिकडे गेलेत.

गावचं कोणी परदेशात असेल तर पासपोर्ट कुठला, हे आधी विचारा. भारतीय नागरिक असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, भले ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असो, तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. तेव्हा मोकळेपणाने नाही म्हणा आणि गावी आल्यावर अभ्यासिकेत यायचं आमंत्रण द्या.

आता तो ग्रुप. रोजचे सुविचार बंद करा, लोकांनी तो केव्हाच म्यूट केलाय. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर (एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो त्यावर) जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही. म्हणून पहिल्या फोनवरच ‘हा नंबर सेव्ह करून ठेवा’ म्हणा. तीन-चार महिन्यांतून एक निरोप, एक फोटो, पाच ओळी. वर्षात मागायचं एकदाच, तेही नेमकं: दोन पंखे, बारा खुर्च्या, परीक्षेच्या हंगामातला रखवालदार.

आणि नवे देणगीदार शोधण्याआधी गेल्या तीन वर्षांची पावतीपुस्तकं काढून बसा. जे एकदा देऊन गेले त्यांना फोन करा. ‘तुमच्या पैशातून हे झालं, सांगायचं राहून गेलं होतं’ एवढं म्हणा, त्या फोनवर काही मागू नका. हे काम नव्याने आलेल्या स्वयंसेवकावर सोपवू नका. रोज पाच फोन अध्यक्षांनी किंवा तुम्ही स्वतः करायचे.